येतो म्हणालो होतो

मराठीत निरोप घेणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतानाच परतण्याची ग्वाही देऊन जाणे ही आपल्या भाषेची माया आहे आणि लहानपणापासून मला ती आवडत आली आहे. पण ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत पाळक म्हणून पडल्यावर हाच शब्द माझ्या तोंडात इतका रुळला, की तो निरोप आहे की वचन, हे ऐकणाऱ्याला कळेनासे झाले आणि पुढे पुढे मलाही. आजाऱ्याच्या खाटेपाशी ‘येतो’, भावाभावांच्या वाटणीच्या तंट्यात ‘येतो’, पोराच्या शाळाप्रवेशासाठी ‘येतो’, बारशाला ‘येतो’, मयताला ‘येतो’. अकरा गावांचे माझे पॅस्टोरेट, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेले क्षेत्र, एक मोटरसायकल आणि हा एक शब्द, एवढ्या भांडवलावर मी कित्येक वर्षे काढली.

पाथर्डी-शेवगावकडच्या दुष्काळी पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर गावे रिकामी होतात. धडधाकट माणसे ऊसतोडणीला कारखान्यांकडे जातात आणि मागे म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि कोंबड्या-शेळ्या उरतात. अशाच एका हिवाळ्यात, एका सोमवारी, त्यांतल्या एका गावातून एका मुलाचा फोन आला. आईबाप तोडणीला गेलेले, घरी तो आणि त्याची आजी. “पाळकसाहेब, आजीला आता पाणीबी जात नाही. प्रभुभोजन मागती.” प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा संस्कार. मी म्हणालो, “गुरुवारी येतो.” गुरुवारी नगरला एक सभा होती, ती लांबली; परतताना वाटेत एका घरी नवरा-बायकोचे भांडण विकोपाला गेले होते, तिथे थांबणे भाग पडले. रात्री नऊला मी फोन करून सांगितले, “उद्या सकाळी येतो.” शुक्रवारी पहाटे म्हातारी गेली. मी पोहोचलो तो तिला मूठमाती द्यायला.

मुलाने कसलीही तक्रार केली नाही. “आजी दाराकडं बघत व्हती,” एवढेच तो म्हणाला, आणि तेही मी विचारले म्हणून.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला चार-पाच महिन्यांनी कळला. त्याच आळीत, चार घरे सोडून, आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे कामकाज पाहणारे ज्येष्ठ सभासद, राहतात. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, बोलायला कमी, वाचायला सावकाश, अक्षरावर बोट ठेवून वाचणारे. गाव त्यांना अण्णा म्हणते. मंगळवारी संध्याकाळी ते पवित्र शास्त्र काखेत धरून म्हातारीच्या घरी गेले होते. मुलाने त्यांना बसायला पोते दिले, पाणी दिले आणि अदबीने सांगितले, की पाळकसाहेब गुरुवारी येणार आहेत, तेव्हा प्रार्थना त्यांच्याच हातून होऊ द्या. अण्णा उठून परत गेले. हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही. त्यांच्या पत्नीने सहज बोलण्याच्या ओघात सांगितले आणि मग, आपण काही भलतेच बोलून गेलो की काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

मी त्या घरी पोहोचू शकलो नाही, याचे दुःख मला होतेच. अकरा गावांत एका माणसाला सगळीकडे पोहोचता येत नाही, हे मंडळीलाही ठाऊक होते आणि त्यांनी मला ते केव्हाच माफ केलेले होते. पण माझ्या न येण्याने जे झाले, त्याहून माझ्या ‘येतो’ म्हणण्याने अधिक झाले. प्रभुभोजन देण्याचा अधिकार दीक्षित पाळकाचा, हे आमच्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे खरे. पण तेविसावे स्तोत्र वाचून दाखवायला, ओठांना ओला कापूस लावायला आणि हात हातात घेऊन प्रार्थना करायला दीक्षा लागत नाही. तो हात चार घरांवर तयार होता. माझ्या शब्दाने तो दारातून परत पाठवला.

शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘बांध कोरणे’ असा शब्द आहे. दर वर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची वीतभर माती आपल्या रानात ओढायची. एका वर्षी काही दिसत नाही, दहा वर्षांनी बांध सरकलेला असतो. मी सेवेच्या नावाने हेच करत होतो. प्रार्थनासभा वडिलांनी चालवायची, तिथे मी जाऊन बसू लागलो आणि मी बसलो की शास्त्रभाग मीच वाचू लागलो. शब्बाथ शाळेचा पाठ बायका घेत, तो मी ‘सुधारून’ देऊ लागलो. यात कुणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. उलट लोक म्हणत, “आमचे पाळक रात्र बघत नाहीत, दिवस बघत नाहीत,” आणि ते ऐकून मला देवाची कृपा वाटायची. त्या कृपेच्या वाटण्यात माझी स्वतःची भूक किती होती, हे मी तपासले नव्हते.

बायबलातल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या सेवेच्या मर्यादेविषयी लिहितो. करिंथात त्याच्यामागून आलेले काही प्रचारक त्याला कमी लेखत होते, स्वतःची स्वतःशीच तुलना करून मोठेपणा मिरवत होते; त्यांना उत्तर देताना पौल म्हणतो, की देवाने आम्हांला जी मर्यादा आखून दिली तिच्याबाहेर आम्ही प्रौढी मिरवणार नाही, आणि ती मर्यादा तुमच्यापर्यंत येऊन पोहोचते. तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘कानोन’ हा शब्द आहे. त्याचा आधीचा अर्थ मापाची काठी. त्यावरून मापून दिलेले क्षेत्र. मोजणीदाराने साखळी धरून हद्दीचा दगड रोवावा, तसे काहीसे. हा अध्याय मी उपदेशासाठी अनेकदा वाचला होता आणि दर वेळी त्या बढाईखोर प्रचारकांकडे बोट दाखवून थांबलो होतो. पौल स्वतःच्या क्षेत्राला हद्द आहे हे कबूल करतो, आणि लाज वाटून नव्हे तर कृतज्ञतेने करतो, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ज्याने अर्धे रोमी साम्राज्य पायाखाली घातले त्या माणसाला दुसऱ्याच्या रानात नांगर घालण्याची इच्छा नाही.

आणि हाच पौल तीमथ्याला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात जाता जाता सांगून जातो, की त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मी मिलेतात ठेवले. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक रोगी बरे करत असत, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे, त्याने आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढचा प्रवास केला आणि ते न लपवता लिहून ठेवले. शास्त्रातले हे एक वाक्य मला अलीकडे फार मोलाचे वाटते. सेवेच्या अहवालात आम्ही अशी वाक्ये घालत नाही.

महाराष्ट्रात मिशनांनीही एके काळी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, जालन्याकडे स्कॉटिश मिशन, अशा हद्दी होत्या, आणि कुठल्या तालुक्यातले ख्रिस्ती कुठल्या परंपरेची भजने आणि प्रार्थना म्हणतात हे आजही त्यावरून ओळखू येते. त्या हद्दी नेहमीच पाळल्या गेल्या असे नाही आणि त्यांवरून मने दुखावल्याच्या खुणाही आहेत. पण माझे मन थांबते ते गॉर्डन हॉल यांच्यापाशी. हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, मराठी शिकले, शाळा काढल्या, भाषांतरे केली आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना कॉलऱ्याने वाटेतच वारले. नगरला मिशनचे ठाणे सुरू झाले १८३१ च्या अखेरीस. ज्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पुढे शेकडो कुटुंबे मंडळीत आली, तिथले काम सुरू झालेलेही हॉल यांनी पाहिले नाही. ‘मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला,’ हे पौलाचे वचन लग्नापासून दफनापर्यंत कुठेही म्हणता येते, इतके सोपे वाटते. तेरा वर्षे पेरून, उगवण न पाहता वाटेवर डोळे मिटणाऱ्या माणसाला ते किती जड गेले असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

म्हातारीच्या मृत्यूनंतरही मी बदललो नव्हतो, हे लिहिणे आवश्यक आहे. पश्चात्ताप झाला, प्रार्थनेत रडलो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तीन गावांना ‘येतो’ म्हणालो. बदल झाला तो आवाज गेला तेव्हा.

त्या वर्षी उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांच्या, सुरुवातीलाच घसा बसला आणि बसलेलाच राहिला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. सहा आठवडे पूर्ण मौन, कुजबुजणेसुद्धा नाही. हा आजार देवाने मला धडा शिकवायला दिला, असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे माईकशिवाय उघड्यावर ओरडून बोलल्याने तो आला, असे डॉक्टर म्हणाले आणि ते मला पुरेसे वाटते. पण त्या सहा आठवड्यांत मी लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय जसा वाचला, तसा आधी कधी वाचला नव्हता. जखऱ्या याजक धूप जाळायला मंदिरात जातो. तिथे देवदूत त्याला म्हातारपणी मुलगा होईल असे सांगतो आणि त्याचा विश्वास बसत नाही. बाहेर लोक वाट पाहत आहेत. इतका उशीर का, म्हणून त्यांना नवल वाटते आहे. तो बाहेर येतो आणि त्याला बोलता येत नाही. ज्या दिवसाची याजकाने आयुष्यभर वाट पाहावी त्या दिवशी त्याच्याजवळ लोकांना देण्यासाठी एक शब्दही नाही. तो खुणा करत राहतो. पुढे मुलगा झाल्यावर पाटी मागून ‘ह्याचे नाव योहान आहे’ एवढे तो लिहितो, तेव्हा त्याची जीभ मोकळी होते.

तो मुलगा मोठा होऊन स्वतःला काय म्हणवतो? ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी.’ बापाची वाणी बंद झालेल्या घरात हा वाढला. शिष्य जेव्हा कुरकुरत त्याच्याकडे येतात, की सगळे लोक आता त्या दुसऱ्याकडे, येशूकडे, जात आहेत, तेव्हा योहान म्हणतो, ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे.’ हे वाक्य त्याला नुसत्या स्वभावाने सुचले असेल असे मला वाटत नाही. लहानपणी त्याने म्हाताऱ्या बापाकडून त्या नऊ-दहा महिन्यांची हकीकत ऐकली असणार: याजक मुका झाला तरी देवाचे वचन थांबले नाही, ते आपल्या वेळेला पूर्ण झाले. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. ही माझी समजूत आहे. मौनात बसलेल्या माणसाला ती फार जवळची वाटली.

गुड फ्रायडेला आमच्याकडे वधस्तंभावरील सात शब्दांची, म्हणजे येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांची, उपासना असते. सात शब्दांवर सात जणांनी बोलायचे, ही जुनी रीत. ती मी मोडून काही वर्षांपासून सातही शब्दांवर एकटाच बोलत असे. वेळ आटोक्यात राहतो, विषय विस्कळीत होत नाही, असे त्याचे कारण देत असे. त्या वर्षी सात जण लागले. पाचवा शब्द, ‘मला तहान लागली आहे,’ एका अंगणवाडी मदतनीस बाईंच्या वाट्याला आला. त्या कागद घेऊन उभ्या राहिल्या, दोन ओळी वाचल्या आणि मग कागद घडी करून ठेवला. एप्रिलचा महिना, गावात टँकर दोन दिवसांआड. त्या म्हणाल्या, “आपण पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहतो तेव्हा मान खाली जाते. प्रभूनं त्या दिवशी मागितलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याकडं मागितलं. आणि त्यांनी आंब दिली, ती त्यानं घेतली.” आंब म्हणजे आंबट द्राक्षरस. एवढे बोलून त्या बसल्या. मी पहिल्या बाकावर होतो. पंधरा गुड फ्रायडे मी या वचनावर बोललो होतो, त्यात स्तोत्रांतली भविष्यवाणी होती, शरीराच्या वेदनांचे वर्णन होते. पण देवाचा पुत्र मागणारा झाला, देहाची मर्यादा त्याने इतकी पुरती पत्करली की घोटभर ओलाव्यासाठी तो दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहिला, हे मला दिसलेच नव्हते. दिसले त्यांना, ज्या रोज हंडा घेऊन रांगेत उभ्या राहतात. मी बोलू शकत असतो, तर आमच्या मंडळीने ते शब्द ऐकले नसते.

मराठी ख्रिस्ती माणसाला नारायण वामन टिळकांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही आणि मीही घेणार आहे, कारण या विषयात त्यांच्याहून बोलका दाखला मला माहीत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची भजने आमच्या ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातून काढून टाकली, तर रविवारची उपासना मुकी होईल. देवाने त्यांना जे दिले ते ओंजळीत मावत नव्हते, आणि त्यांचा स्वभावही तसाच, हाती घेतलेले अर्धे टाकून नव्याकडे धावणारा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत अशी त्यांची आस होती. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबार पुढे टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य थोड्याच अध्यायांवर थांबलेले होते.

ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने पाच वर्षे ताटातूट सोसलेल्या आणि मग १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या काव्याला पुढचे अध्याय जोडले, आणि ते टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी अधिक भरले. टिळकांना आणखी दहा वर्षे मिळाली असती, तर कदाचित त्यांनीच ते काव्य संपवले असते. मराठीला मग एक टिळक मिळाले असते. मिळाले ते दोन. अपुरेपण ही टिळकांनी ठरवून दिलेली भेट नव्हती, ते त्यांचे नुकसानच होते. पण त्या नुकसानीच्या जागेत कुणाला तरी उभे राहायला ठाव मिळाला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठीण आहे आणि त्यातून सांत्वन ओढून काढू नये असे मला वाटते. केडगावला शेकडो मुली आणि स्त्रियांचा संसार सांभाळत, ऐकू कमी येत असताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे त्यात घातली. ज्या मनोरमेच्या हाती काम सोपवायचे, ती एकुलती एक मुलगी जुलै १९२१ मध्ये गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर पुरे झाले, छापून निघाले. पण आमच्या बहुतेक मंडळ्यांच्या व्यासपीठांवर आजही त्यांचे बायबल नाही. एवढ्या श्रमांना इतकीच पोच का, याचे उत्तर मला देता येत नाही. केडगावच्या आवारात उभा राहिलो, की मी उत्तर शोधत नाही. डोके झाकलेल्या त्या बाईंनी त्या श्रमाचे काय होणार हे देवावर टाकले होते, एवढेच मनात आणतो.

या दोघी बायकांचा विचार करताना मराठीतल्या ‘मर्यादा’ या शब्दाची दुसरी बाजू विसरता येत नाही. आपल्याकडे मर्यादा हा शब्द सर्वांत जास्त बायकांना आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना ऐकवला गेला आहे. मर्यादेने राहा, मर्यादा सांभाळ, म्हणजे बोलू नकोस, पुढे येऊ नकोस, पाणवठ्याला शिवू नकोस. आमच्या मंडळ्यांतली पुष्कळ घराणी त्या मर्यादांच्या जाचातून ख्रिस्ताकडे आली. त्यांच्या नातवंडांपुढे उभे राहून पाळकाने ‘देवाने दिलेली मर्यादा’ या विषयावर उपदेश करायचा असेल, तर आधी त्याने जिभेला आवर घालावा. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांना लोकांनी ज्या रेघा आखून दिल्या होत्या, त्या देवाने आखलेल्या नव्हत्या, आणि त्या ओलांडणे हीच त्यांची आज्ञाधारकता होती. म्हणून माझ्यापुरते मी असे ठरवले आहे, की देवाने दिलेली मर्यादा ही मला फक्त माझी ओळखता येते. दुसऱ्याची दाखवायला मी बोट उचलले, की ते बोट मालकाचे होते.

नम्रतेच्या नावाने काम टाळणेही मला मान्य नाही. ‘आम्ही कोण, देव करील’ असे म्हणून आजाऱ्याकडे न जाणारे सेवक मी पाहिले आहेत. ते मर्यादेत राहत नाहीत, घरात राहतात. मोशेला त्याचा सासरा इथ्रो जे सांगतो, त्यात काम सोडून दे असे कुठेच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसशील तर तू झिजशील आणि हे लोकही झिजतील, असे तो म्हणतो. लोकही झिजतील, हे तिथे आहे, आणि ते मी इतकी वर्षे वाचून सोडून देत होतो.

माझा आवाज परत आला, पूर्वीसारखा नाही. वरच्या पट्टीत भजन धरता येत नाही आणि दोन उपासनांनंतर घसा दुखू लागतो. गेल्या हिवाळ्यात, पुन्हा तोडणीच्याच दिवसांत, अण्णांच्याच गावातून रात्री फोन आला. एका बाईंची सासू अत्यवस्थ होती. मी दुसऱ्या टोकाच्या गावात होतो, गाडी पंक्चर झालेली नव्हती, रस्ता बंद नव्हता. पण दिवसभराच्या दोन दफनविधींनंतर पन्नास किलोमीटर अंधारात जाण्याचे बळ माझ्यात नव्हते, आणि हेच कारण खरे होते. ‘ये’ हे अक्षर ओठांवर आले होते. मी म्हणालो, “बाई, आज माझ्याच्याने येणे होणार नाही. अण्णांना बोलवा. त्यांनी प्रार्थना करावी. मी परवा दुपारी प्रभुभोजन घेऊन निघेन.” पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “बरं, सलाम,” आणि फोन बंद झाला.

परवा दुपारी मी गेलो, तेव्हा म्हातारी उशीला टेकून बसली होती. अण्णा दोन्ही रात्री येऊन गेले होते. त्या रात्री ते दारात उभे राहिले, तेव्हा तिने विचारले होते, “पाळक नाही आले?” अण्णा म्हणाले, “नाही. मीच आलोय.” त्यावर ती म्हणाली, “बरं. मग वाच. सावकाश वाच.”